टीएमएस: खुर्चीत बसण्याआधी लोक जे विचारतात

एकामागून एक औषधं बदलूनही डिप्रेशन हलत नाही, तेव्हा डॉक्टर टीएमएसचं नाव काढतात. लांबलचक नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन; म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाने मेंदूला चालना देणं. लोक घरी जाऊन मोबाइलवर शोधतात, घाबरतात आणि पहिल्या दिवशी घडी घातलेला कागद घेऊन येतात. मी ते यंत्र चालवते. उपचार कुणाला द्यायचा आणि किती, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. पण पुढचे सहा आठवडे खुर्चीशेजारी मी बसलेली असते, त्यामुळे डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न माझ्याकडे येतात. त्या कागदांवरचे हे प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत.

ताई, खरं सांगा, हा शॉकच ना?

नाही. शॉक म्हणतात ती ईसीटी. तिच्यात भूल देतात, स्नायू सैल पडायचं औषध देतात आणि डोक्यातून वीज सोडून मुद्दाम फिट आणतात. ती फिट हाच उपचार असतो. टीएमएसमध्ये भूल नाही, सुई नाही, उपाशीपोटी यायला नको. तुम्ही जागे असता, माझ्याशी बोलत असता आणि संपल्यावर स्वतः उठून घरी जाता. फिट इथे आणायची नसते, उलट ती येऊ नये म्हणून आम्ही काळजी घेतो.

जाता जाता ईसीटीबद्दल एक. पडद्यावर बघून लोकांनी तिची जी भीती घेतली आहे, ती तिच्यावर अन्याय करणारी आहे. माणसाने अन्नपाणी सोडलंय, डिप्रेशनसोबत भास होताहेत, जिवाला धोका आहे, अशा वेळी ईसीटी टीएमएसपेक्षा सरस आहे आणि तिचा गुणही लवकर येतो. काही काळाच्या आठवणींवर परिणाम होतो, ही तिची खरी अडचण. तुमच्या डॉक्टरांनी टीएमएसऐवजी ईसीटी सुचवली असेल, तर ऐकून तरी घ्या.

चुंबक मेंदूत करतं तरी काय?

शाळेत शिकलेलं आठवा. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या तारेत वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं. इथे तीच गोष्ट होते, फक्त तारेच्या जागी मेंदूतल्या पेशी असतात. डोक्यावर टेकवायच्या भागाला कॉइल म्हणतात. ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते, आत तांब्याची वेटोळी. तिच्यातून क्षणभर जबरदस्त वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. ते आरपार जातं आणि आतल्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह उठवतं. क्षेत्राची ताकद एमआरआयच्या तोडीची, पण टिकतं ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आणि पोहोचतं दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत.

1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कॉइल माणसाच्या डोक्यावर धरली आणि त्याचा हात आपसूक हलला. तेव्हा डिप्रेशन कुणाच्या मनात नव्हतं; मेंदूपासून स्नायूंपर्यंतची वाट तपासायचं ते साधन होतं. दहाएक वर्षांत अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्क जॉर्ज यांनी ते डिप्रेशनच्या रुग्णांवर वापरून पाहिलं.

कॉइल आम्ही बहुतेकदा डाव्या कपाळाच्या वर, थोडं मागे धरतो. योजना करणं, मन आवरणं, एखाद्या विचारातून बाहेर येणं ही कामं करणारा मेंदूचा भाग तिथे आहे आणि डिप्रेशनमध्ये तो मंदावलेला दिसतो. आत खोलवर दुसरा एक भाग आहे, जो अशा माणसांत गरजेपेक्षा जास्त धावतो. तिथवर कॉइलचा हात पोहोचत नाही, पण दोन्ही भाग एकमेकांना जोडलेले आहेत. रहाट विहिरीच्या काठावर फिरवायचा आणि पोहरा तळाशी हलवायचा, तसं.

'औषधाला दाद न देणारं' डिप्रेशन कधी म्हणायचं?

दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही फरक नसेल तर. 'पुरेशा' या शब्दाकडे नीट बघा. तोंड कोरडं पडतं म्हणून दहा दिवसांत सोडलेली गोळी यात धरत नाहीत. थायरॉइड तपासलं आहे का, दारू चालू आहे का, मधेच कधी चार दिवस झोपेविना प्रचंड उत्साहाचे गेले का, हेही डॉक्टर विचारतील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर आजार डिप्रेशनपेक्षा वेगळा असू शकतो.

दोन औषधांनंतर वाट बदलायची, याला कारण आहे. अमेरिकेत चार हजारांवर रुग्णांना पायरीपायरीने औषधं बदलून पाहण्याचा एक मोठा अभ्यास झाला. पहिल्या औषधाने साधारण तिघांतला एक पूर्ण बरा झाला. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर हे प्रमाण शंभरात तेरा-चौदावर आलं. अजून एक गोळी, अजून एक गोळी करत वर्षं घालवण्यात फारसं हशील नाही, ते यामुळे.

गुण किती जणांना येतो? गोल गोल उत्तर नको.

मग आकडे सरळ मांडते, सगळे.

2010 मध्ये आलेल्या एका काटेकोर अभ्यासात 190 रुग्ण होते. कुणीही डिप्रेशनची औषधं घेत नव्हतं. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना नकली कॉइल: आवाज तोच, टोचणं तेच, मेंदूपर्यंत काही जात नाही. खऱ्या उपचाराने पूर्ण बरे झाले शंभरात 14, नकलीने 5. फरक खरा, पण आकडा लहान.

2012 मध्ये नेहमीच्या दवाखान्यांतल्या 307 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. तिथे डॉक्टरांच्या मोजणीनुसार 58 टक्क्यांना चांगला गुण आला आणि 37 टक्के पूर्ण बरे झाले. जाहिरातींत हाच आकडा असतो. त्यात खोटं काही नाही. पण ही माणसं बहुधा सोबत औषधंही घेत होती, उपचार खरा आहे हे त्यांना माहीत होतं आणि तुलनेला नकली कॉइल नव्हती.

तिसरा अभ्यास जाहिरातीत कधीच येत नाही. अमेरिकेतल्या 164 माजी सैनिकांवर झालेला तो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या कॉइलने 41 टक्के पूर्ण बरे झाले, नकलीने 37 टक्के. म्हणजे जवळजवळ सारखेच. कॉइल कुचकामी आहे, असा अर्थ काहीजण काढतात. मला त्यात दुसरंही दिसतं. कित्येक महिने खोलीबाहेर न पडलेला माणूस रोज ठरल्या वेळी उठून कुठेतरी जातो, तिथे कुणीतरी त्याची वाट बघत असतं, काल झोप लागली का म्हणून विचारतं. हेही औषधच आहे. सगळा मान यंत्राला देऊ नये, एवढं मी यंत्र चालवत असूनही म्हणेन.

आणि 'चांगला गुण' म्हणजे काय, तेही कळू द्या. प्रश्नावलीतला आकडा जितका मोठा तितकं डिप्रेशन जास्त; तो निम्म्यावर आला की चांगला गुण धरतात. चोवीसवरून बारावर आलेला माणूस आनंदात नसतो. पण तो उठून दात घासतो, फोन उचलतो, कामावर अर्धा दिवस तरी जाऊन येतो. चोवीसवर असताना यातलं एकही जमत नव्हतं.

पहिल्या दिवशी काय होतं?

पहिला दिवस अंगठ्याचा. डोक्यावर पातळ टोपी चढवते, टेपने मोजमाप घेते, टोपीवर खुणा करते. मग कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, हाताच्या हालचाली जिथून चालतात त्या जागी टेकवते आणि सुटे सुटे ठोके देते. तुमचा उजवा हात उशीवर सैल ठेवलेला. एकदा, दोनदा काहीच नाही. कॉइल केसभर सरकवते. आणि अंगठा टुणकन उडतो.

या क्षणी बहुतेक सगळे हसतात. कित्येक दिवसांत हसलेले नसतात तेही. आपण हलवला नाही आणि हलला, हे बघून माणूस दचकतो आणि मग त्याला हसू येतं.

दहा ठोक्यांत निदान पाच वेळा अंगठा हलवणारी सगळ्यात कमी ताकद म्हणजे तुमचा मोटर थ्रेशोल्ड. प्रत्येकाचा वेगळा. त्याच्या 120 टक्के ताकद उपचाराला वापरतात, पहिल्या दिवसांत थोडी कमी ठेवून हळूहळू चढवत. पूर्वी अंगठ्याच्या जागेपासून सरळ पाच सेंटिमीटर पुढे मोजून उपचाराची जागा धरायचे. डोकी लहान-मोठी असतात, त्यामुळे अनेकांत जागा चुकायची. आता टेपने घेतलेल्या मोजमापांवरून हिशोब करतात किंवा एमआरआयच्या नकाशावरून. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 255 रुग्णांच्या अभ्यासात, एमआरआयवरून मेंदूतली जोडणी पाहून जागा ठरवून दिलेल्या उपचाराने साध्या एमआरआयवरून जागा ठरवलेल्या नेहमीच्या टीएमएसपेक्षा जास्त गुण आला नाही. तेव्हा तुमच्याकडे जोडणी पाहणारं ते अत्याधुनिक तंत्र नसेल तर हळहळू नका.

दुखतं का?

पहिला आठवडा त्रासाचा. एकाच जागी कुणी नखाने भराभर टिचक्या मारतंय, असं वाटतं. भुवई फडफडते, कधी दातांत झिणझिण जाते. डोकं दुखू शकतं. साध्या वेदनाशामक गोळीने थांबतं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत कातडी सरावते आणि काहीजण चक्क पेंगायला लागतात. पेंगू मी देत नाही. आवाज मोठा असतो, म्हणून इअरप्लग तुम्हालाही आणि मलाही.

नेहमीचं सेशन असं: चार सेकंदांत चाळीस ठोके, मग 26 सेकंद शांतता. असं 75 वेळा. एकूण तीन हजार ठोके, साडेसदतीस मिनिटं. आता शांतता 11 सेकंदांवर आणून हेच पावणेएकोणीस मिनिटांतही करतात. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. पुढे तीन आठवड्यांत सहा सेशन विरळ करत नेतात. बेरीज 36.

ते 26 सेकंद लहान वाटतात, पण त्यांत बरंच काही मावतं. एका आजोबांनी त्यांच्या पहिल्या नोकरीची हकीकत मला या तुकड्यांमध्ये ऐकवली. ठोके सुरू झाले की वाक्य अर्ध्यात सोडायचे, थांबले की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे. पंधरवडाभर पुरली.

शेजारच्या खुर्चीतला माणूस तीन मिनिटांत उठला. त्याला कमी दिलं का?

नाही, त्याला थीटा बर्स्ट दिलं. त्यात तीन-तीन ठोक्यांचे झुपके येतात, सेकंदाला पाच झुपके, मधे थांबत थांबत. तीन मिनिटांत 600 ठोके. कॅनडात 414 रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन मिनिटांचा उपचार साडेसदतीस मिनिटांच्या उपचाराहून उणा ठरला नाही. कोणती पद्धत द्यायची हे डॉक्टर आणि यंत्र यांवर अवलंबून. वेळेवरून मोल करू नका.

पाच दिवसांत बरं करणारी पद्धत आली म्हणे?

आली आहे. स्टॅनफर्डमध्ये तयार झाली, 2022 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, मंजूर केली. दिवसाला दहा सेशन, दर सेशनला 1800 ठोके, पाच दिवस. एकूण नव्वद हजार ठोके. मधल्या वेळात जवळपास तासाभराची विश्रांती. नकली कॉइलशी तुलना केलेल्या अभ्यासात चार आठवड्यांच्या आत खऱ्या उपचाराने 79 टक्के पूर्ण बरे झाले, नकलीने 13. आकडा बघून डोळे दिपतात. पण त्या अभ्यासात माणसं होती 29. खरा उपचार मिळालेले 14, त्यांतले 11 बरे झाले. 29 जणांच्या जोरावर कुणी तुम्हाला पाच दिवसांची हमी देत असेल तर देऊ द्या, तुम्ही मनावर घेऊ नका.

फरक कधी जाणवेल?

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. काहींना शेवटच्या आठवड्यात, काहींना कोर्स संपल्यावर. काहींना नाहीच.

गंमत अशी की तो आधी दुसऱ्यांना जाणवतो. रुग्ण म्हणतो, काही नाही, तसंच आहे. सोबत आलेली बायको म्हणते, काल यांनी स्वतःहून खिडकी उघडली. म्हणून दर आठवड्याला आम्ही प्रश्नावली भरून घेतो. मनाला वाटतं त्यापेक्षा कागद बरा साक्षीदार असतो. माझी स्वतःची खूण वेगळी आहे. पहिले तीन आठवडे मी विचारते आणि तुम्ही उत्तर देता. मग एक दिवस टोपी चढवताना समोरून प्रश्न येतो, 'ताई, तुम्ही जेवलात का?' ही खूण कोणत्याही प्रश्नावलीत नाही, पण त्या आठवड्याच्या कागदावरचा आकडा बहुधा खाली उतरलेला असतो.

मधेच एखाद्या आठवड्यात मन पुन्हा खचतं. तेव्हा सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

फिट येऊ शकते, हे खरं का?

खरं आहे, आणि हे लपवणाऱ्याकडे उपचार घेऊ नका. प्रमाण हजार रुग्णांत एकाहूनही कमी. आली तर ती बहुतेकदा ठोके चालू असताना खुर्चीतच येते, सहसा आपोआप थांबते आणि त्यामुळे मिरगीचा आजार जडत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र तुमच्या हातातल्या आहेत. रात्रभर जागरण. दारू, आणि त्याहून जास्त, रोजची दारू एकाएकी सोडणं. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या मनाने बंद करणं. न सांगता सुरू केलेलं नवं औषध. दार उघडल्या उघडल्या मी रोज 'झोप झाली का, काल काही घेतलं का' विचारते, ते गप्पा म्हणून नव्हे. खरं सांगा. मी ओरडत नाही, ताकद पुन्हा मोजते किंवा डॉक्टरांना बोलावते.

स्मरणशक्ती जात नाही. स्वभाव बदलत नाही. बायपोलर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अति उत्साह असा आजार असलेल्या माणसाचं मन क्वचित दुसऱ्या टोकाला उसळू शकतं, त्यामुळे तो इतिहास आधी सांगायचा.

कुणाला देता येत नाही?

डोक्यात किंवा डोक्याजवळ चुंबकाला ओढला जाणारा किंवा वीज वाहून नेणारा धातू असेल त्यांना: रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड, डोळ्यात किंवा कवटीत राहिलेला धातूचा तुकडा. दातांतलं सिमेंट आणि चांदी चालते. पेसमेकर असेल तर निर्णय डॉक्टरांचा. मिरगी असेल तर बहुतेक वेळा नाही.

बाकी कानातलं, केसांच्या पिना, चष्मा, श्रवणयंत्र काढून ठेवायचं. फोन आणि बँकेची कार्डं खुर्चीपासून लांब.

गोळ्या बंद होतील ना?

लगेच नाही. आणि कोर्सच्या मधे तर मुळीच नाही. औषध बदललं की थ्रेशोल्डही बदलू शकतो.

बाजारात चुंबकाच्या टोप्या आणि पट्टे मिळतात. त्याने होणार नाही का?

नाही. स्थिर चुंबक डोक्यावर वर्षभर बांधून ठेवलं तरी पेशीत प्रवाह उठणार नाही. क्षेत्र झपाट्याने बदलावं लागतं, फॅरेडेचं तेच तर म्हणणं. पैसे वाचवा.

बरं झाल्यावर परत आलं तर?

येऊ शकतं. 257 रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलेल्या अभ्यासात, कोर्सच्या शेवटी गुण आलेल्यांपैकी सुमारे 62 टक्क्यांचा गुण वर्षभर टिकला. उरलेल्यांचं काय? ज्याला एकदा गुण आला त्याला पुन्हा दिल्यावर बऱ्याचदा येतो. घसरण पहिल्या पंधरवड्यातच पकडली तर काम सोपं जातं. झोप बिघडली, जेवण सुटलं, लोकांना टाळणं सुरू झालं, की तारीख न बघता फोन करा.

सगळं संपवून टाकावंसं वाटतं. टीएमएसची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

तारखेची वाट बघू नका. टीएमएसला आठवडे लागतात. आज रात्रीसाठी ते औषध नव्हे. आत्ता जवळ असलेल्या माणसाला याच शब्दांत सांगा, एकटे राहू नका आणि जवळच्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. घरच्यांनी हे वाचलं असेल तर घरातल्या गोळ्या आपल्या ताब्यात घ्या. लवकर गुण देणारे उपचार आहेत, डॉक्टर त्यांतला निवडतील. टीएमएस नंतरही होईल.

एखाद्या दिवशी यायला जमलंच नाही तर?

एक दिवस चुकला तर शेवटी धरून घेतो. सलग चार-पाच चुकले की पंचाईत होते. लोक सांगतात, आज उठवलंच नाही, आंघोळ झाली नाही, असं कसं यायचं. तसंच या. पारोसे, न विंचरलेल्या केसांनी, कालच्या कपड्यांत. टोपी तशीही बसते. इअरप्लग माझ्याकडे असतात.